मदत हवी आहे : ‘स्मार्ट’ सेवांबाबत रहिवाशांचे मत कसे घ्यावे?

सन्माननीय सदस्यांना नमस्कार. केंद्र सरकारच्या २०१५च्या स्मार्ट सिटी अभियानात पुण्यातील औंध-बाणेर-बालेवाडी परिसराची निवड झाली होती. आमची सोसायटी याच भागात असून, गेटवरील नोंदी, पाण्याचे मीटर आणि देखभाल शुल्क एकाच ॲपवर आणण्यापूर्वी रहिवाशांचे मत घ्यावे, असे व्यवस्थापकीय समितीने ठरवले आहे. प्रश्नावली तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे.

अडचण अशी की, ‘ॲप हवे का?’ असे विचारले की बहुतेक जण होकार देऊन मोकळे होतात (त्यात कोणाचे काय जाते!), प्रत्यक्षात मात्र ज्येष्ठांना टँकर किती वाजता येणार आणि लिफ्ट कधी बंद राहणार एवढेच वेळेवर कळायला हवे असते, तर भाडेकरूंना व घरकामाला येणाऱ्या ताईंना आपला फोटो आणि येण्याजाण्याच्या वेळा कोण पाहतो, याची धास्ती वाटते.

ही खरी गरज बाहेर येईल असे प्रश्न कसे मांडावेत? स्मार्टफोन न वापरणाऱ्यांसाठी छापील अर्ज पुरेसा ठरतो, की घरोघरी जाऊन बोलणेच योग्य? मालकांबरोबर भाडेकरूंचेही मत मोजावे का? कोणाकडे मराठी प्रश्नावलीचा नमुना असल्यास कृपया द्यावा.