डीपीटी प्रवेश: निरीक्षणाचे तास आधी बघा
मुलीचा जीपीए (४ पैकी सरासरी गुण) ३.७ आहे, मग अमेरिकेत डीपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या डॉक्टरेटला, प्रवेश नक्की ना, असं एका पालकांनी विचारलंय. नुसत्या जीपीएवर विसंबू नका. माझ्या भाचीने पीटीकॅस या सामायिक अर्जाच्या पोर्टलवरून अर्ज केले तेव्हा घोडं अडलं निरीक्षणाच्या, म्हणजे थेरपिस्टचं काम बघत घालवलेल्या, तासांवर. ही अट प्रत्येक कॉलेजची वेगळी. काहींना हॉस्पिटलमधलेही तास लागतात, आणि हिचे सगळे एकाच क्लिनिकमधले. तिथेही सुरुवातीला टॉवेलच्या घड्या घालणं आणि टेबलं पुसणं! पण गुडघा बदललेले एक आजोबा कठडा सोडून पहिल्यांदा दोन पायऱ्या चढले, ते तिने पाहिलं. निबंधात तेच उतरलं. फिजिक्स लॅबसकट झालंय का तेही तपासा. आणि तासांच्या नोंदीवर थेरपिस्टची सही त्याच आठवड्यात घ्या, माणसं नोकऱ्या बदलतात.