पेशंट वर सरकवताना कंबर धरते

प्रश्न: ८० किलोचा पेशंट पलंगावर सारखा खाली घसरतो. दोघी जणी बगलेत हात घालून वर ओढतो. गुडघे वाकवतो, पाठ ताठ ठेवतो, तरी कंबर धरतेच. आम्ही कमरेला बेल्ट बांधला तर फरक पडेल का?

उत्तर १: बेल्टने इजा टळते असा भक्कम पुरावा नाही. बगलेत हात घालणं आधी बंद करा, पेशंटच्या खांद्याला इजा होते. शिवाय वाकून हात लांब केले की भार मणक्यापासून दूर जातो आणि कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब वाढतो. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेच्या हिशेबाने, सगळं अनुकूल असतानाही पेशंट उचलताना एकीवर साधारण १६ किलोच यावेत. इथे तंत्र कुठवर पुरणार?

उत्तर २: स्लाइड शीट, म्हणजे पेशंटखाली घालून त्याला सरकवायची गुळगुळीत चादर, वापरा. पलंगाचे ब्रेक लावा, उंची कमरेइतकी करा, पेशंटला सोसत असेल तर डोक्याकडची बाजू सपाट करा. कुशीवर वळवून शीट खांद्यांपासून टाचांपर्यंत घाला. टाचा बाहेर राहिल्या की तिथलीच कातडी घासते. शीट अंगालगत धरा, एक पाय पुढे ठेवा आणि एका इशाऱ्यावर अंगाचा भार त्या पायावर न्या. हातांनी हिसका नको. काम झालं की शीट काढा, नाहीतर पेशंट परत घसरलाच समजा.

प्रश्नकर्ती: आमच्याकडे शीट एकच आहे, तीही एकेरी.

उत्तर २: मधोमध दुमडा. गुळगुळीत बाजू आतून एकमेकींवर सरकायला हव्यात.

उत्तर ३: आणि पलंगाची डोक्याकडची बाजू वर करण्याआधी गुडघ्यांकडचा भाग उचला. बरंचसं घसरणं तिथेच थांबतं.