'चार जण चढले, हललं नाही': टेंटच्या रॅकवर हे उत्तर नाही

मनीषनगर व्ही-क्रॉस

काल इथल्याच एका भाऊंनी लिहिलं की पिकअपवर रूफटॉप टेंट, म्हणजे गाडीच्या वर उघडणारा झोपायचा तंबू, लावायचा तर त्याच्या खालच्या तयार रॅकवर पैसे घालूच नका. नागपुरात इतवारीच्या लोहा ओळीतून (लोखंडाच्या बाजारातून) स्क्वेअर पाईप उचला, चार खांब अन् दोन आडवे टाकून वेल्ड मारा, उंची कॅबिनच्या वर काढा म्हणजे खाली डाल्यात, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, सामानाला जागाच जागा, आम्ही चार जण वर उभे राहून पाहिलं, हललं नाही, तीनशे किलो आरामात झेलते. खाली दोन-तीन पोट्टे "उद्याच बनवतो" म्हणून राहिले, म्हणून लिहायला बसलो, नाहीतर सोडून दिलं असतं.

उभ्या गाडीवर चार जण चढले तर काय कळते? एवढंच की पाईप उभा दाब सहन करतो. तो तं करणारच. झोपता तेव्हा गाडी उभी असते, दोन माणसं अन् टेंट मिळून दोनशे-सव्वादोनशे किलो झाले तरी चार खांबांना त्याचं काही वाटत नाही. रॅक तुटतो चालत्या गाडीत, वर माणूस एकही नसतो तेव्हा, नुसता साठ-सत्तर किलोचा घडी केलेला टेंट असतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढा, प्रत्येक वळणाला तो बाजूला ओढते, ब्रेकला समोर ओढते, खड्ड्यात दुप्पट-तिप्पट वजनाने आदळते. खांब जितका उंच तितका बुडाच्या जोडाला ताण जास्त. अन् तिरपा आधार नसला तर खाटेचे पाय ढिले झाल्यावर ती जशी एका अंगाला कलते तशी सगळी चौकट कलायला लागते, रोज थोडी थोडी, पाहून कळतही नाही.

मी एका मित्राच्या गाडीचा असाच रॅक हात लावून पाहिला आहे. पावडर कोटिंग चकाचक. समोरच्या डाव्या खांबाच्या बुडाशी नख फिरवलं तर अडकलं. कोटिंग खरवडलं तर आत बारीक भेग, अन् ती वेल्डमध्ये नव्हती, वेल्डच्या कडेला पाईपात होती. खाली डाल्याच्या कडेचा पत्रा बोल्टभोवती ओढला जाऊन उमलला होता, कारण बोल्टखाली फक्त वॉशर, प्लेट नाहीच. मित्र म्हणे अरे पण कालच आठ जणांचं सामान नेलं. नेलं असेल, पण ती भेग समृद्धीवर 120 च्या स्पीडला उघडली असती तर मागच्या गाडीवाल्याचं काय?

माझं म्हणणं, सॉफ्टशेल, म्हणजे घडी होणारा कापडी टेंट असेल तर रॅक बुटकाच ठेवा, डाल्याच्या कडेपासून फार तर फूटभर वर. घडी केलेला टेंट कॅबिनच्या मागे लपतो, हवा लागत नाही, गाडीचा तोल वर जात नाही, अन् बेसमेंट पार्किंगच्या बारला डोकं आपटत नाही. घेणाऱ्याने रॅक विकत घ्यावा का बनवावा हा नंतरचा प्रश्न.

हिंगणा फॅब्रिकेशन

भाऊ, मी फॅब्रिकेटर आहे, बापाच्या काळापासून शेड आहे एमआयडीसीत. तुमची पोस्ट वाचून वाईट वाटलं. भेग पडली की वेल्डरला शिव्या. त्या मित्राला विचारा न, कोटेशन किती जागी घेतलं अन् शेवटी कोणाला दिलं. माझ्याकडे गिऱ्हाईक येते, मोबाईलवर फोटो दाखवते, मी म्हणतो कोपऱ्यात गसेट (तिकोनी पट्टी) लावू, तिरपा सपोर्ट लावू, बुडाला पाच एमएमची प्लेट टाकू, तं म्हणते नको, वजन वाढते, लुक जाते, अन् पलीकडचा दोन हजार कमी घेऊन राहिला. मग तो पलीकडच्याकडे जातो. अन् तुटलं की "लोकल काम" म्हणून बदनामी आम्हा सगळ्यांची.

40 बाय 40 एमएमचा, दोन एमएम जाडीचा लोखंडी पाईप मीटरला साधारण 2.4 किलो भरते. बारा मीटर लागला तं तीस किलोच्या आत. प्लेटा-बोल्ट धरून पस्तीस. पस्तीस किलोत मी असा रॅक देतो की डाला फाटेल पण रॅक नाही. इम्पोर्टेड ॲल्युमिनियमवाल्याला तेवढ्या पैशात अर्धी गाडी रंगवून होते.

मनीषनगर व्ही-क्रॉस

"डाला फाटेल पण रॅक नाही" हेच तं मी सांगून राहिलो न दादा, डाला फाटायला नको! डाल्याच्या कडा म्हणजे दुमडलेला पातळ पत्रा, त्यावर सगळा भार बोल्टाच्या छिद्रावर दिला तर तो फाटणारच. भार पसरायला आतून लांब प्लेट पाहिजे. तुम्ही लावता ही चांगली गोष्ट, सगळे नाही लावत.

पेंचवारी

मी तुमच्या बुटक्या रॅकच्या पूर्ण विरोधात आहे. आमचा टेंट हार्डशेल, म्हणजे कडक पेटीसारखा आहे, बंद केला तरी सात फूट लांब. डबल कॅबच्या (दोन रांगा सीटच्या पिकअपच्या) डाल्याची लांबी पाच फूट. बुटक्या रॅकवर ठेवला तर समोर कॅबिन आडवं येतं, म्हणून दोन फूट मागे टेलगेटच्या बाहेर लोंबतो, टेलगेट पूर्ण उघडत नाही अन् मागून येणाऱ्याच्या काचेवर जाईल अशी भीती. कॅबिनएवढा उंच रॅक केला तर तेच दोन फूट कॅबिनच्या छपरावरून पुढे जातात, काही अडचण नाही. सगळ्यांचा टेंट तुमच्यासारखा अर्धा दुमडत नाही हे लिहायला पाहिजे होतं.

शिवाय डाला फक्त दीड फूट खोल आहे. त्यावर फूटभर उंचीवर टेंट बसवला की खालची बॅग काढायला रांगत जावं लागतं. माझ्या आईचे गुडघे दुखतात, ती खाली डाल्यातच गादी टाकून झोपते, आम्ही वर. बुटक्या रॅकमध्ये आईने कुठे झोपायचं?

मनीषनगर व्ही-क्रॉस

ताई, हार्डशेलचं बरोबर आहे, म्हणूनच मी सॉफ्टशेल असेल तर असं लिहिलं. पण एक सांगा, तुमचा टेंट पुढे कॅबिनच्या छपराला टेकलेला आहे का? कारण लॅडर फ्रेमवर (खालच्या शिडीसारख्या सांगाड्यावर) कॅबिन वेगळं अन् डाला वेगळा बसवलेला असतो, खराब रस्त्यावर दोघं वेगवेगळे हलतात. रॅकचा एखादा पाय कॅबिनच्या छपरावर अन् बाकी डाल्यावर, असं कोणी केलं तर छप्पर तरी चेपेल नाहीतर टेंटचा बेस तरी तडकेल.

पेंचवारी

टेकलेला नाही, चार बोटं गॅप आहे. मला हे माहीत आहे, धन्यवाद.

कॅम्पर पिवळी पाटी

हे सगळं राहू द्या, मले एक सांगा, पिकअपवर टेंट लावून टाकल्यावर गाडी उरली कशाले? माझ्याकडे बोलेरो कॅम्पर आहे. धंद्याची गाडी. पण साल्याचं लग्न असो, शेजाऱ्याचा फ्रिज असो, मावसभावाचं घर बदलणं असो, "तुझ्याकडे पिकअप आहे न" म्हणून फोन. मागच्या उन्हाळ्यात तं एका नातेवाईकाने मले न विचारता दुसऱ्याला शब्द देऊन टाकला की अमुक दिवशी कॅम्पर येते. डिझेल कोणी विचारत नाही. मी म्हणतो रॅक असा पाहिजे की काढताच येऊ नये, वेल्डच मारून टाका, म्हणजे फोन बंद होतील.

धरमपेठ काका

वेल्ड मारा म्हणणाऱ्यांनी आधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचावं. कंपनीने दिलेल्या अन् आरसीवर नोंदवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळातून गेलेल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. अन् 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तुम्ही बुटका-उंच करत बसा, रॅकच मुळात चालतो का ते कोणी विचारत नाही.

कॅम्पर पिवळी पाटी

काका, काहून डरावून राहिले लोकांले? गावोगाव जीपवर कॅरिअर आहे. टॅक्सीवर कॅरिअर आहे. त्यांले कैद झाली का?

धरमपेठ काका

घाबरवत नाही, कायदा सांगतो आहे. दुसऱ्याने सिग्नल तोडला म्हणून मी तोडू का?

मनीषनगर व्ही-क्रॉस

काका, बोल्टने बसणारा अन् अर्ध्या तासात निघणारा रॅक हा सामान बांधायचं साधन आहे. चेसिस कापली नाही, सीट वाढवली नाही, इंजिन बदललं नाही. वेल्ड केलेला कायमचा सांगाडा अन् काढता येणारा रॅक यात फरक करावा लागेल. मी आरटीओची बाजू धरत नाही, पण दोन्ही एकाच मापात नका तोलू.

धरमपेठ काका

तो फरक तुम्ही करता, रस्त्यावर उभा असलेला माणूस करेलच असं नाही. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने बुलबारविरुद्ध (बंपरसमोरच्या लोखंडी गार्डविरुद्ध) कारवाई करायला राज्यांना सांगितलं, तेव्हाही लोक हेच म्हणत होते की बोल्टने तर बसवलं आहे. बोल्ट पाहून कोणी सोडलं नाही.

पेंचवारी

आम्हाला राज्याची हद्द ओलांडल्यावर एका ठिकाणी थांबवलं होतं. टेंट उघडून दाखवा म्हणाले. भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, आई गाडीत. उघडला, शिडी लावली, दोन जण वर चढून पाहून आले, आपसात गोष्टी केल्या अन् म्हणाले जा. दंड नाही, पावती नाही, काही नाही. पण अर्धा तास गेला अन् आईचा बीपी वाढला तो वेगळा. कुठेतरी साफ लिहून द्या न की किती उंच, किती मागे, किती वजन चालतं. आम्ही पाळायला तयार आहोत.

कॅम्पर पिवळी पाटी

ताई, तुमची पांढरी पाटी म्हणून अर्ध्या तासात सुटल्या. आमची पिवळी पाटी पाहिली की आधी परमिट, मग फिटनेस, मग विमा, मग "मागे माणसं बसवता का". टॅक्स आम्ही भरायचा, गाडी आमची, अन् एक रात्र खिंडशी तलावाच्या काठावर पोरांना घेऊन झोपलो तं आम्ही गुन्हेगार! त्याच डाल्यात सोमवार ते शनिवार सिमेंट जाते तेव्हा कोणाला काही दिसत नाही.

धरमपेठ काका

तुमचा संताप समजतो. पण मालवाहू नोंदणीच्या गाडीत मागे माणसं बसवून नेण्याचा नियम वेगळा आहे अन् तो लोकांचे जीव गेल्यामुळे आहे. माझा सख्खा पुतण्या अशाच डाल्यातून पडला, लग्नाच्या वऱ्हाडात. तो आज काठी घेऊन चालतो. त्यामुळे माझ्यासमोर "काय होते" हे शब्द कोणी वापरू नका.

कॅम्पर पिवळी पाटी

चालत्या गाडीत मी कोणालाच मागे बसवत नाही काका. पुतण्याचं वाईट झालं. पण उभ्या गाडीत झोपणं अन् चालत्या गाडीत बसवणं एक नाही, हे तुम्हीही माना.

धरमपेठ काका

उभ्या गाडीचं मानतो. तेवढंच.

हिंगणा फॅब्रिकेशन

सगळे आरटीओवर भांडून राहिले अन् रॅक राहून गेला. काका, एक गोष्ट तुमच्या कामाची सांगतो जी कोणी पाहत नाही. ज्या गाडीत कॅबिनच्या मागच्या काचेवर वरचा ब्रेक लाईट असतो, त्यात तो टेंटने झाकला जाते. मी गिऱ्हाइकाला सांगतो, रॅकच्या मागच्या आडव्या पाईपावर एक लाईट घ्या. दहापैकी नऊ जण म्हणतात राहू द्या.

मनीषनगर व्ही-क्रॉस

हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, एक नंबर. बुटक्या रॅकमध्येही टेंट त्या लाईटसमोरच येतो, तेव्हा उंच-बुटका दोघांनाही लागू.

ॲल्युमिनियमबद्दल तुम्ही बोलले म्हणून विचारतो, ॲल्युमिनियमचा रॅक वेल्ड करून देता का तुम्ही?

हिंगणा फॅब्रिकेशन

नाही देत, अन् जो देते त्याच्याकडे जाऊ नका. ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, हे खरं. पण वेल्ड मारला की जोडाजवळ त्याचा टेंपर (कडकपणा) जाते, नेमका जिथे जोर पडते तिथेच माल मऊ पडते. म्हणून चांगले ॲल्युमिनियम रॅक बोल्टने जोडलेले असतात, तो मान मी त्यांना देतो. किंमतीचा मान देत नाही. अन् ॲल्युमिनियम लोखंडावर बसवताना मध्ये रबर टाका, नाहीतर आपल्या पावसाळ्यात जोड पांढरा पडून कुजते.

पेंचवारी

मग शेवटी उंच रॅक मजबूत होऊ शकतो का नाही? सरळ सांगा, उगाच बुटका बुटका नको.

हिंगणा फॅब्रिकेशन

होते न ताई. दोन्ही बाजूला तिरपा सपोर्ट, एक मागच्या आडव्या पाईपालाही, कोपऱ्यांना गसेट, डाल्याच्या कडेला आतून लांब प्लेट, नायलॉक नट (सहज ढिले न होणारे). अन् पहिल्या खराब रस्त्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. पण तिरप्या सपोर्टने बाजूची जागा अडते, डाल्यात कडेने हात घालून सामान काढायची सोय कमी होते. तेवढं सहन करावं लागते.

मनीषनगर व्ही-क्रॉस

ताई, हार्डशेल अन् आईची गादी, दोन्ही असताना तुमच्यासाठी उंच रॅकच बरोबर, हे मी मान्य करतो. पण कालच्या पोस्टमधल्या चार खांबांच्या सांगाड्याला ही मान्यता नाही, तो कोणत्याही टेंटखाली चुकीचाच आहे. अन् समृद्धीवर त्या उंचीला 80-90 च्या वर जाऊ नका, मागचा माणूस म्हणून सांगतो.

आता ज्या पोट्ट्यांनी "उद्याच बनवतो" लिहिलं त्यांनी आधी आरसी काढा. त्यावर गाडीचं रिकामं वजन अन् जीव्हीडब्ल्यू, म्हणजे भरल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन, दोन्ही असते. वजाबाकी करा, त्यातून रॅक, टेंट, पाण्याचे कॅन, गॅस, गादी, आत बसणारे सगळे वजा करा. काय उरलं ते इथे टाका, मग पाईप घ्यायला जा.

नवीन हायलक्स

"उद्याच बनवतो" म्हणणारा मीच. वजाबाकी केली. पाच जण अन् सगळं सामान धरून उणे येऊन राहिलं. दोघंच गेलो तर बसते. ठीक आहे, तिरपा सपोर्ट लावतो, प्लेटही लावतो, मागे लाईट पण घेतो. पण पाईप मी लोहा ओळीतूनच आणणार अन् काम हिंगण्यालाच देणार, इम्पोर्टेड नाही.

हिंगणा फॅब्रिकेशन

या. पण गसेट काढा म्हटलं तं परत पाठवीन.

धरमपेठ काका

अन् बोल्टने बसवा, वेल्ड नको. आरसीची झेरॉक्स गाडीत ठेवा.