मे महिन्यात चिखलदऱ्याच्या तलावाकाठी चार दिवस : आखणीबाबत मार्गदर्शन हवे

खारपाणपट्टा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातील शेतकरी आहे. तूर आणि हरभरा विकून झाला आहे, नांगरटही आटोपली आहे, त्यामुळे वखरणीला हात घालण्यापूर्वी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस मोकळे मिळतील असे दिसते. हे दिवस पत्नी, आठवीत गेलेली मुलगी, दहावीत गेलेला मुलगा आणि ७२ वर्षांची आई यांच्यासह चिखलदऱ्याला घालवावेत असा विचार आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही भाड्याच्या गाडीने एका दिवसात चिखलदरा करून आलो होतो. एका पॉइंटवर उतरायचे, दहा मिनिटे दरी पाहायची आणि पुन्हा गाडीत बसायचे, असे भर दुपारी सात ठिकाणी केले. आई तर शेवटी शेवटी गाडीतून उतरलीच नाही. मुलांना आठवतो तो फक्त शक्कर तलाव, कारण तेवढ्या एका ठिकाणी आम्ही तासभर थांबलो होतो. आमच्या भागात विहिरीचे पाणी खारट आणि उन्हाळ्यात नदीचे पात्र कोरडे, त्यामुळे डोंगरावरच्या पाण्याची त्यांना जी ओढ वाटते ती मी समजू शकतो. या वेळी एकाच ठिकाणी मुक्काम करून पायी फिरावे, सायकल चालवावी, बोटीत बसावे, अशी त्यांची मागणी आहे. पचमढीचाही विचार केला होता, परंतु आईला तेवढा प्रवास झेपणार नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मे महिन्यात तलावात बोट चालण्याइतके पाणी असते का? तलावाकाठी तंबू लावून एक रात्र काढता येईल का? आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या आईला सोबत नेणे योग्य ठरेल का?

परतवाडा_पायथा

दादा, आपण एकाच ठिकाणी राहण्याचे ठरवले हे फार चांगले केले. चिखलदऱ्यात राहणाऱ्याला जे मिळते ते एका दिवसात धावून जाणाऱ्याला मिळत नाही.

पहिल्यांदा उन्हाबद्दल लिहितो, कारण बाकीची सगळी आखणी त्यावर अवलंबून आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि आपले दर्यापूर ३०० मीटरच्या आतबाहेर. दर १,००० मीटर चढल्यावर हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे आपल्याकडे ४५ अंश असतील त्या दिवशी वर ३९ ते ४० अंश असणारच. थंड हवेचे ठिकाण म्हणून माणसे भर दुपारी दरीच्या काठावर उभी राहतात आणि डोके धरून परततात. खरा फरक पडतो तो सूर्य कलल्यानंतर. पठारावर वारा सुटतो, खाली घराच्या भिंती रात्री अकरापर्यंत तापलेल्या असतात तसा प्रकार वर होत नाही, आणि पहाटे अंगावर चादर घ्यावीशी वाटते. म्हणून सकाळ चालण्यासाठी, दुपार घरात आणि संध्याकाळ तलावासाठी, अशी दिवसाची वाटणी करा व ती चारही दिवस मोडू नका.

तलावातील पाणी मे महिन्यात बरेच खाली गेलेले असते. ज्या वर्षी पाऊस चांगला झाला त्या वर्षी बोट चालते. मात्र निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी दूरध्वनी करून त्या आठवड्याची स्थिती विचारून घ्यावी. भीमकुंडाचा धबधबा आणि बाकीचे ओहोळ या दिवसांत कोरडे असतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

राहण्यासाठी पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे, खासगी लॉजही पुष्कळ आहेत. खोली ठरवताना भाड्याच्या आधी पाण्याची चौकशी करा. एवढा पाऊस पडणाऱ्या या डोंगरावर उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, कारण काळ्या दगडाच्या या पठारावर पडलेले पाणी मुरण्याऐवजी दऱ्यांतून खाली निघून जाते. आम्ही एका वर्षी आगाऊ पैसे भरून एका खासगी लॉजवर उतरलो तेव्हा पाच जणांना दिवसभरासाठी दोन बादल्या मिळाल्या, आणि ही गोष्ट आम्हाला सामान उतरवल्यानंतर कळली. आपल्यासोबत आई आहेत, त्यामुळे हे आधी पक्के करावे.

रानवाट

तंबूबाबत स्पष्टच लिहितो : लावू नये. चिखलदऱ्याच्या आजूबाजूचे रान मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. हा प्रकल्प १९७४ पासूनचा, देशातील पहिल्या काही व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे, आणि परवानगीशिवाय रानात रात्र काढणे हा गुन्हा ठरतो. शिवाय १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा वणव्याचा हंगाम असतो. त्या काळात वाळलेल्या पाल्यावर पडलेली एक ठिणगीसुद्धा डोंगराची अख्खी कूस जाळू शकते, म्हणून चूल, शेकोटी, विडी यांपैकी काहीही रानात नको.

वाघापेक्षा मला आपल्या बाबतीत अस्वलाची काळजी अधिक वाटते. मे महिन्यात टेंभरं पिकतात, वारुळे उकरायला सोपी असतात आणि पाणवठे थोडेच उरलेले असतात, त्यामुळे अस्वले पहाटे व तिन्हीसांजेला वस्तीच्या जवळपर्यंत येतात. अस्वलाची नजर मंद असते. माणूस अगदी जवळ आला की ते दचकते आणि दचकले की अंगावर येते. ऊन टाळायचे म्हणून पहाटे चारला निघण्याचा मोह होतो, तो आवरावा. मे महिन्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. चांगला उजेड झाल्यावर, म्हणजे सव्वासहा-साडेसहाला, स्थानिक वाटाड्या घेऊन, आपसात बोलत निघावे आणि दहाच्या आत परतावे. वाटाड्या बहुधा कोरकू किंवा गवळी समाजाचा असेल. त्याला घाई करू नका. माझ्या वाटाड्याने मला एकदा ओल्या मातीवरचे ठसे दाखवले होते, मागच्या पायाचा ठसा माणसाच्या तळव्यासारखा लांबट आणि पुढच्या पायाच्या ठशापुढे नखांचे खोल ओरखडे. तेव्हापासून मी वाटेवर मान खाली घालून चालायला शिकलो.

चालण्यासाठी एकच ठिकाण निवडायचे असेल तर गाविलगड निवडा आणि त्याला एक पूर्ण सकाळ द्या. बहमनी राजवटीत १४२५ च्या सुमारास बांधलेला हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजी दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात पडला; पुढे वॉटर्लूच्या लढाईने जगाला ठाऊक झालेला आर्थर वेलस्ली त्या मोहिमेचा सेनापती होता. किल्ल्याच्या तीन बाजूंना तुटलेले कडे आहेत, फक्त उत्तरेकडे एका अरुंद खिंडीने तो पठाराला जोडलेला आहे, आणि मुख्य हल्ला तिकडूनच झाला. दहावीच्या मुलाला हे नकाशावर दाखवून मग ती खिंड पायाखाली घालायला लावा. दारावरील शिल्पे, तोफा आणि मशीद तर पाहालच, परंतु आपण पाण्यासाठी येत आहात म्हणून सांगतो : किल्ल्याच्या आत देवतलाव, मछली तलाव असे तलाव आहेत. एवढ्या उंचीवर शिबंदीला वर्षभर पाणी कसे पुरवले असेल याचे उत्तर त्या तलावांच्या काठी बसल्यावर मिळते. मुले तिथे एक तास बसली तरी उठवू नका.

खारपाणपट्टा

आपल्या दोघांचे मनापासून आभार. तंबूचा विचार सोडला आहे. मुलगी थोडी हिरमुसली, पण अस्वलाच्या ठशाबद्दल वाचून दाखवल्यावर तिने वाटाड्याचा आग्रह धरला आहे. एक शंका अशी की, आमच्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा पहिला पाऊस पडल्यावर जाणे अधिक योग्य ठरेल का?

घाटरस्ता

पहिल्या पावसानंतरचा चिखलदरा नक्कीच अधिक सुंदर असतो, परंतु तेव्हा आपण पेरणीत असाल. मृग बरसला की शेतकऱ्याचे मन डोंगरावर राहत नाही, हे मी घरच्या अनुभवाने सांगतो. धुके आणि निसरडी वाट आईंना अवघड जाईल ते वेगळेच. मे महिना ठीक आहे. जमल्यास दुसऱ्याऐवजी पहिलाच आठवडा साधा, तलावात तेवढे पाणी जास्त मिळेल.

मी बरीच वर्षे या घाटात गाडी चालवतो म्हणून रस्त्याबद्दल लिहितो. आपण अंजनगाव सुर्जीवरून परतवाड्याला याल. तिथून धामणगाव गढीमार्गे वर सुमारे ३० किलोमीटर अंतर आहे. चढताना भर दुपार टाळावी, इंजिन तापते. उतरताना मात्र त्याहून अधिक सावध राहावे. ज्या गिअरमध्ये गाडी चढली त्याच गिअरमध्ये उतरवावी आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. सतत दाबलेला ब्रेक तापतो, त्यातील तेलाला उकळी फुटते, तेलात वाफ झाली की पेडल स्पंजासारखे खाली जाते आणि गाडी थांबत नाही. माझ्या बाबतीत हे एकदा घडले आहे. आधी जळलेल्या रबरासारखा वास आला, मी दुर्लक्ष केले, आणि पुढच्याच वळणावर पाय थेट तळाला गेला. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून, डोंगराच्या बाजूच्या मुरमाच्या ढिगाला घासत थांबवली. मागे माझी बहीण आणि तिची लेकरे बसली होती. असा वास आला की ताबडतोब रुंद जागा पाहून गाडी उभी करावी आणि अर्धा तास थांबावे. चाकावर पाणी ओतू नये.

सायकली टपावर बांधून जरूर आणा. वर पोहोचल्यावर मोथा गावाकडचा पठारी रस्ता सकाळी मुलांसाठी उत्तम आहे. घाटातून सायकलने उतरण्याची परवानगी मात्र मुलाने कितीही विनवणी केली तरी देऊ नका.

धारणीची_लेक

भाऊ, आईंना अवश्य न्या. माझ्या सासूबाईंनाही गुडघ्यांचा त्रास आहे आणि आम्ही त्यांना दोनदा नेले. पॉइंट पाहत हिंडायचे म्हटले की म्हातारे माणूस ओझे वाटू लागते, आणि ते त्यांनाही कळते. तलावाकाठी तसे होत नाही. सकाळी तुम्ही गडावर जाल तेव्हा त्यांना मुक्कामीच राहू द्या, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर सगळ्यांनी मिळून तलावावर जा. एक घडीची खुर्ची घरून न्या. जमिनीवर बसून उठण्याचा त्रास वाचतो. सासूबाई तिथे बसून गवळ्यांच्या म्हशी घराकडे परतताना पाहत असत, आणि घरी आल्यावर कितीतरी दिवस त्या तेच सांगत होत्या.

पाण्याबद्दल मात्र मला कळकळीने लिहावेसे वाटते. मुले बोटीत बसतील तेव्हा जीवरक्षक जाकीट अंगात घालून, सगळे पट्टे आवळूनच बसवा. जाकीट नसेल तर बोटीत बसू नका. पोहण्यासाठी तलावात उतरणे नकोच. उन्हाळ्यात पाणी मागे हटते आणि काठाला रुंद पट्टा उघडा पडतो. तो वरून भेगाळलेला, कोरडा, शेतातल्या ढेकळांसारखा दिसतो, पण वितभर खाली गाळ ओलाच असतो. आमच्या गावच्या तलावात माझा भाचा अशाच पट्ट्यावरून चेंडू आणायला धावला आणि चौथ्या पावलाला मांडीपर्यंत रुतला. पाय ओढू लागला की दुसरा पाय आणखी आत जाई. शेवटी त्याला आडवे व्हायला सांगून, दोन लुगडी एकमेकींना बांधून ओढून काढले; त्याची एक चप्पल अजून त्या गाळातच आहे. तुमची मुले पाण्यासाठी आसुसलेली आहेत, म्हणून पहिल्याच संध्याकाळी त्यांना काठावर उभे करून, काठीने तो गाळ टोचून दाखवा.

चालताना प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी असावे. थकवा आलाच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे. चमचा चहाचा घ्यावा, आणि मीठ याहून जास्त घालू नये. कैरीचे पन्हे घरूनच करून न्या. डोक्याला दुपट्टा ओला करून बांधा. कुणाचे बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा अंग तापून घाम येणे थांबले, तर तो उष्माघात समजा. सावलीत नेऊन अंगावर पाणी मारत थेट दवाखाना गाठा, गडावरची उरलेली वाट पूर्ण करण्याच्या मागे लागू नका.

आणखी एक. दर्यापूरची चंद्रभागा याच गाविलगडच्या डोंगरांतून उगम पावून तुमच्याकडे येते. देवी पॉइंटच्या कपारीत उन्हाळ्यातही पाणी ठिबकत असते, तिथे मुलांना न्या आणि हे सांगा.

खारपाणपट्टा

ताई, आमच्या गावाशेजारून वाहणाऱ्या नदीचे मूळ आम्ही तीन वर्षांपूर्वी पाहून आलो आणि ते आम्हाला कळलेही नाही, याची मनाला फार चुटपुट लागली.

आपणा सर्वांच्या सांगण्यावरून असे ठरवले आहे. ४ मे रोजी पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी घाट चढायचा. पहिल्या संध्याकाळी फक्त तलाव आणि हातात काठी. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटाड्यासोबत गाविलगड, तिसऱ्या दिवशी मोथ्याच्या रस्त्यावर सायकली, आणि रोजच्या संध्याकाळी आईची खुर्ची तलावाकाठी. निवासस्थानी दूरध्वनी केला. पाणी सकाळ-संध्याकाळ मिळते आणि सध्या बोट सुरू आहे, असे त्यांनी सांगितले. उद्या गाडीचे ब्रेक तपासून घेतो. शेवटच्या सकाळी परत फिरण्यापूर्वी देवी पॉइंटला जाणार आहोत. तिथल्या पायऱ्या आईला उतरता येणार नाहीत, म्हणून मुलीने घरची तांब्याची लोटी सोबत घेतली आहे. कपारीतले पाणी त्यात भरून ती आजीला वर आणून देणार आहे.