विषय: पुण्यात पावाचा स्टार्टर दुपारपर्यंत फुगून खाली बसतो, शनिवारच्या आत सांगा

मंडळी,
स्टार्टर (पाव फुगवायचं पीठ-पाण्याचं आंबवण) तोच, वृंदाताईंच्या बरणीतला. इथे कोथरूडला सकाळी खायला घातला की अकराला दुप्पट, जेवायच्या वेळेला बसलेला, वर करडं पाणी आणि ॲसिटोनचा वास. स्टार्टर, पीठ, पाणी सारख्या वजनाने, इकडे यायच्या आधी घालायचो तसंच. पाव ताटलीसारखा पसरतो. शनिवारी भाचीच्या डोहाळजेवणाला दोन पाव द्यायचेत. फ्रिज सांगू नका, आईच्या फ्रिजमध्ये आमरसाचे डबे आहेत आणि ते हलणार नाहीत.
मेधा

---

मेधाताई,
सारखं प्रमाण पुण्याच्या एप्रिलात चालणार नाही. १० ग्रॅम स्टार्टर, ५० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम माठातलं पाणी. ३२ अंशांत यीस्ट आणि लॅक्टिक जिवाणू भराभर खातात. जुना स्टार्टर जास्त ठेवला की अन्न लवकर संपतं आणि आम्ल साठतं. अशा आंबून गेलेल्या स्टार्टरने कणकेतलं ग्लूटेन, म्हणजे तिला धरून ठेवणारं प्रथिन, सैल पडतं. पाव पसरतो तो त्यामुळे, ओव्हनमुळे नाही. कणकेतही स्टार्टर पिठाच्या २० टक्के घालत असाल तर १० वर आणा. करडं पाणी म्हणजे नुसती भूक. गुलाबी किंवा केशरी रेघ दिसली तर मात्र सगळं टाका, चमचाभरही वाचवू नका.
शिरीष

---

> ओव्हनमुळे नाही

शिरीष, मेधाचा ओटीजी (टेबलावरचा छोटा विजेचा ओव्हन) तुम्ही पाहिलाय का? एकास पाच हे मी संक्रांतीच्या कार्यशाळेत सांगितलं होतं, त्यामुळे त्यावर माझा वाद नाही. पण फ्रिज नसेल तर त्याहून चांगला उपाय घट्ट स्टार्टर: १०० ग्रॅम पिठाला ५० ग्रॅमच पाणी, गोळा मळून बरणीत. तो सावकाश चढतो आणि उशिरा बसतो.

आता ओटीजी. त्यात वाफ टिकत नाही, फटींतून निघून जाते. वरची कॉइल जवळ, त्यामुळे पाव फुगायच्या आत कवच धरतं. जाड बिडाचं झाकणाचं भांडं घे, रिकामंच २३० वर पाऊण तास तापव, पाव आत सोड, २० मिनिटं झाकून, मग उघडं. मेधा, आधी आतली उंची मोज.
वृंदा

---

बिडाच्या भांड्यासाठी ऑनलाइन पैसे घालवू नका. तुळशीबाग बघा, नाहीतर रविवार पेठेत बोहरी आळी. वजन करून घ्या, हलकं असेल तर सोडून द्या. आणि पाव फुगवायला वेताच्या महागड्या टोपल्या कशाला? बुरूड आळीत बांबूची लहान टोपली घ्या, आत सुती कापड, त्यावर तांदळाची पिठी. गव्हाचं पीठ भुरभुरलंत तर कणीक चिकटते. आमची आजी तिथूनच सुपं आणायची आणि प्रत्येक सूप उजेडात धरून वीण बघायची. टोपलीही तशीच बघून घ्या.
अविनाश

---

टोपल्यांचं झालं असेल तर पिठाचं बोलू या का? मेधाताईंनी पीठ कोणतं तेच लिहिलेलं नाही. चक्कीचं असेल तर ते पाणी जास्त पितं आणि आंबतंही लवकर. खपली गव्हाचं असेल तर ग्लूटेन मुळातच नाजूक, पाव पसरणारच. स्टार्टरला थोडं चक्कीचं ठेवा, पावाला मुख्य मैदाच.
सुनेत्रा

---

सुनेत्राताई, खपलीला नावं ठेवू नका. आमच्या घरी तिच्याशिवाय पुरणपोळी होत नाही.
अविनाश

---

पीठ अर्धं चक्कीचं, अर्धा मैदा. उद्यापासून चक्कीचं चौथ्या हिश्शावर आणते. घट्ट गोळा आज रात्रीच करते, रात्री इथे बराच गारवा असतो. बिडाचं भांडं शेजाऱ्यांकडे मिळालं, पण झाकणासकट ओटीजीत मावत नाही. वरच्या कॉइलला टेकतं. आता?
मेधा

---

मग भांडं विसर. जाड बिडाचा तवा खालच्या कॉइलच्या लगेच वरच्या खणात तापव, पाव त्यावर सोड आणि वरून स्टीलचं पातेलं पालथं घाल. पातेल्याला प्लास्टिकची मूठ नको. एकाऐवजी दोन लहान पाव कर, म्हणजे उंचीचा प्रश्न सुटेल. आतलं तापमान ९६ च्या पुढे गेलं की काढ, आणि निदान दोन तास कापू नकोस. गरम कापलास तर आत चिकटच लागेल.

शुक्रवारी पहाटे एक पाव करून बघ आणि कापून फोटो इथेच टाक, मला एकटीला नको. अविनाशना टोपलीचा आणि शिरीषना माझ्या ओव्हनवाल्या मुद्द्याचा निकाल बघू दे.
वृंदा