दरोड्याची नुसती ‘तयारी’ केली तरी गुन्हा? मग खुनाच्या तयारीचं काय?

वैतागलेला_भाडेकरू:
पेपरात सारखी एक बातमी असते, दरोड्याच्या तयारीतली टोळी जेरबंद, आणि मुद्देमाल पण ठरलेला, दोन कोयते, नायलॉनची दोरी, कटावणी, मिरचीपूड. अरे पण अजून कुणाचं कुलूपसुद्धा तुटलं नाही, मग गुन्हा झाला कुठला? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! रात्री अकरानंतर वरच्या मजल्यावर जे खुर्च्या ओढतात त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे येतं त्याला तर जन्मठेपच होईल.

कोर्टकचेरी:
मनात येऊ दे, त्याला शिक्षा नाही. तयारीलाही सहसा नसते. तू एकट्याने सुरा आणलास आणि नंतर गपगुमान झोपलास तर खुनाचं कलम नाही लागत. दरोडा अपवाद आहे, जुन्या दंड संहितेत म्हणजे आयपीसीत कलम ३९९ आणि ४०२, आता नव्या न्याय संहितेत म्हणजे बीएनएसमध्ये कलम ३१०, तयारीला दहा वर्षांपर्यंत, त्यासाठी नुसते जमलात तरी सात. आणि दरोड्याला पाच माणसं लागतात बरं का. म्हणून बातमीत चारच सापडले असतील तर पाचवा कायम “अंधाराचा फायदा घेऊन पसार” 😄

किराणा_भुसार:
हसू नका, माझा मामा अशाच एका केसमध्ये पंच होता. सकाळी दुकान उघडताना बोलावून नेलं आणि लिहून ठेवलेल्या पंचनाम्यावर सही घेतली. कोर्टात वकिलाने पुडी दाखवून विचारलं ही तिथेच सापडली का, तर मामा म्हणाला साहेब मिरचीपूड मी ओळखतो, दुकानच आहे माझं, पण त्या रात्री मी घरी होतो. संपली केस. इरादा पुडीवरून ठरवायचा म्हटल्यावर हे होणारच.

वस्तीवरची:
आमचं घर शेतात, गाव दोन किलोमीटर. कुत्री भुंकायची अचानक थांबली की आम्ही दिवा न लावता उठून बसतो. पोलिसांनी काय, कडी तुटेपर्यंत थांबायचं? पंच खोटा असेल तर पंचाचं बघा, कलम का काढायचं? मला तर ते हवंच आहे.

कोर्टकचेरी:
ताई, पटलं. पण तयारी संपून प्रयत्न कुठे सुरू होतो यावर कोर्टातही वाद होतात. पंजाबातून परवान्याशिवाय धान बाहेर न्यायला बंदी होती, ट्रक दिल्लीच्या अलीकडे समालखाच्या नाक्यावर अडवला, सुप्रीम कोर्ट म्हणालं ही तयारीच, अजून मागे फिरता आलं असतं, सुटले. आणि आपल्या वसईकडे देशाबाहेर चोरून न्यायची चांदी खाडीच्या काठावर गाडीतून उतरवताना पकडले त्यांना सेशन्सने सोडलं, हायकोर्टाने सोडलं, पण सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये उलटवलं, म्हणे हा प्रयत्नच. मला विचाराल तर चांदीवाल्यांनाही मागे फिरता आलंच असतं की, लगड्या परत गाडीत भरून. पण कोर्टाने बघितलं की पाण्यात उतरायचंच काय ते बाकी होतं.

वैतागलेला_भाडेकरू:
बरं, मग मी आणि बायकोने मिळून वरच्यांचं काय करायचं ते ठरवलं तर?

कोर्टकचेरी:
दोघांचं ठरलं की कट झाला, कलम ६१. पुढे काही केलं नाहीत तरी, आणि बेत खुनाचा असेल तर सात वर्षांपर्यंत. वहिनींना सांगू नकोस, एकटाच विचार कर.