तलाठी साहेब रिटायर होतायत, गावानं काय करावं?

माळरान_खानापूर:
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावचे तलाठी या महिनाअखेरीला रिटायर होतायत. मधे बदल्या झाल्या तरी निम्म्याहून जास्त सर्व्हिस आमच्याच सर्कलमध्ये गेली. घरचे कन्नड, खरं मराठी आमच्यापेक्षा चांगली. पंच मंडळी म्हणतायत वेशीवर कमान बांधून त्यांचं नाव घालूया, मला ते पटेना झालंय. तुमच्याकडं कुणासाठी काय केलंय काय?

नंदगडचा_पोरगा:
ओळखतो की त्यांना. २००० च्या सुमाराला भूमी, म्हणजे कर्नाटक सरकारची जमिनीच्या नोंदी कंप्युटरवर घ्यायची योजना, आली, हातानं लिहिलेले उतारे बंद होऊन सगळं कंप्युटरला कन्नडमध्ये चढलं, तेव्हा किती गावांत आडनावं बदलली, बापाच्या जागी काकाचं नाव पडलं, लोकं अजून तहसीलदार ऑफिसात खेटे घालतायत. हे जुनी वही घेऊन देवळात बसले, एकेक सर्व्हे नंबर मोठ्यानं वाचला, ज्याचा त्याच्याकडून होय म्हणवून घेतलं आणि मगच यादी पुढं पाठवली.

मलप्रभाकाठ:
आणि ऑगस्ट २०१९ चा पूर? पडलेली घरं नुकसानीप्रमाणं ए, बी, सी वर्गात बसवायची होती, पूर्ण पडलेल्या ए ला ५ लाख, थोडं पडलेल्या सी ला ५० हजार. फोटोत पुढची भिंत उभी दिसते म्हणून एका म्हातारीचं घर सी ला गेलेलं. हे चिखलातनं परत गेले, मागची भिंत बसलेली, तुळई खचलेली, इंजिनिअरला हाताला धरून आणून दाखवलं. अशा माणसाचा सत्कार वाजतगाजतच व्हायला पाहिजे, कमान बी होऊदे.

निपाणीकर:
सगळं मान्य, खरं एक बोलतो. माणूस चांगला म्हणून आपली कामं झाली, हक्क म्हणून नव्हे. नवीन येणाऱ्याला मराठी आलं नाही तर? भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतनं द्याव्यात असं केंद्राच्या १९५६ च्या मेमोरँडममध्ये आहे, साहेब तोंडी समजावून सांगायचे म्हणून आपण लेखी कधी मागितलंच नाही. ते आता मागा. आणि कमानीचे पैसे ठेवा बाजूला. ५६ च्या आधीचे, आपला भाग मुंबई राज्यात होता तेव्हाचे, मराठीतले, मोडीतले फेरफार कुठल्या सर्व्हे नंबरला लागतात ते त्यांच्या डोक्यात आहे, शिकलेली पोरं जवळ बसवून उतरून घ्या. वाटणी, पोडी (सर्व्हे नंबरचे हिस्से वेगळे करणं), ११ई नकाशा (जमिनीचा हिस्सा विकायच्या-वाटायच्या आधी लागणारा मोजणीचा नकाशा), सगळं ह्याच कागदांवर अडतंय बघा.

माळरान_खानापूर:
हे पटलं. आजच साहेबांच्या कानावर घातलं, म्हणाले रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी बसू, वह्या तेवढ्या आणा. बेळगावात मोडी वाचणारं कोण माहितीत असंल तर इथं सांगा, येण्याजाण्याचा खर्च गाव करतंय.